विहीर खोल आहे, पंप कोणता?

वाचनांचे 'अ' वर्ष असेल तर प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी मिस्सामध्ये शोमरोनी स्त्रीचे शुभवर्तमान वाचले जाते. हा रविवार बहुधा मार्चमध्ये येतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पेडण्यात आणि डिचोलीत विहिरींचे तळ दिसू लागतात. प्रभू येशू चालून थकला आहे, विहिरीच्या काठावर बसून पाणी मागतो आहे. ती बाई त्याला आधी एक साधी व्यवहाराची गोष्ट सांगते, की विहीर खोल आहे आणि तुझ्याजवळ पाणी काढायला काहीच नाही. प्रवचनात आपण इथून लगेच जिवंत पाण्याकडे वळतो, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र तिच्या बोलण्यापाशी थोडा रेंगाळतो. मिस्सा संपली की चर्चच्या पायऱ्यांवर लोक मला तेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. "बोअर मारून घेतलंय, किती एचपीचा पंप बसवू?"

ती बाई अगदी बरोबर बोलत होती. नाब्लुस शहराजवळची याकोबाची विहीर आजही आहे आणि ती सुमारे ४० मीटर खोल आहे. जमिनीवर ठेवलेला पंप कितीही महागाचा असला तरी ७ मीटरच्या फार खालून पाणी ओढू शकत नाही. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात तो पाइपातली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. त्या दाबाची पुस्तकी मर्यादा १०.३ मीटर, व्यवहारात त्याहून बरीच कमी. म्हणजे सूखारच्या त्या विहिरीवर आजही पोहराच न्यावा लागेल, नाहीतर पाण्यात बुडवून चालवायचा सबमर्सिबल पंप.

धर्मग्रामाच्या सेवाकार्यात अर्ज भरून देणे, सरकारी कागद समजावून सांगणे हे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे विहिरींचे आणि बोअरवेलचे कागद गेली काही वर्षे माझ्या डोळ्यांखालून जात आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, पंपाचा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो पहिला विचारायला हवा, आणि तो दुकानात नव्हे, शेजाऱ्याच्या विहिरीवर उभे राहून विचारायला हवा.

आता कोणी म्हणेल, घरोघरी नळ आले, बोअर हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे देशातले पहिले प्रमाणित 'हर घर जल' राज्य ठरले. पेडण्याला चांदेलच्या प्रकल्पाचे पाणी येते, डिचोलीच्या काही भागाला पडोसेचे. चांदेलच्या पाण्यामागे तिळारीचे धरण आहे, जे शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात, महाराष्ट्रात आहे आणि ज्याचे कालवे दोन्ही राज्यांना पाणी देतात. पण नळ दारात असणे वेगळे आणि नळाला पाणी असणे वेगळे. कालव्याला कुठे भगदाड पडले की आपल्याकडच्या बायका पुन्हा कळश्या मोजू लागतात. त्यात पेडण्यात मोपाच्या पठारावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, आणि त्याआधीपासूनच आजूबाजूला घरे, हॉटेले, भाड्याच्या खोल्या उभ्या राहत होत्या. डिचोलीत गोष्ट आणखी जुनी आहे. तिथे लोहखनिजाच्या खाणी पाण्याच्या पातळीच्या खाली उतरल्या. खड्डा कोरडा ठेवायचा तर पाणी उपसत राहावे लागते, आणि उपसले की आजूबाजूच्या विहिरी खाली बसतात. शिरगावच्या विहिरी आणि झरे आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १६ मार्च २०१८ पासून खाणी थांबल्या तेव्हा ते मोठाले खड्डे हळूहळू पाण्याने भरले. ज्या गावाने खड्डा कोरडा आणि विहीरही कोरडी पाहिली आहे, त्या गावाला जमिनीखालचे पाणी एकमेकांना जोडलेले असते हे शिकवायला नको.

तरी आपण ते विसरतो. खाण मोठी, तिचा मालक दूरचा, म्हणून तिचे दिसते. आपली बोअर साडेसहा इंचांची आणि आपल्याच अंगणातली, म्हणून तिचे दिसत नाही.

आपल्याकडची जमीन कशी आहे ते थोडे सांगतो, कारण पंपाचे सगळे गणित तिथेच आहे. वरचा थर जांभ्याचा. ज्याचे चिरे काढून आपण घरे, कुंपणे आणि चर्चच्या भिंती बांधल्या तोच हा दगड. तो सच्छिद्र आहे, पावसाळ्यात पाणी पितो आणि पुढचे काही महिने हळूहळू सोडतो. आपल्या आज्यापणज्यांच्या विहिरी या जांभ्यात खोदलेल्या आहेत. त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी मऊ चिकणमातीचा थर लागतो, त्यातून पाणी सहज झिरपत नाही. आणि त्याच्याही खाली कठीण पाषाण. त्या पाषाणात पाणी असते ते फक्त भेगांमध्ये. भेग सापडली तर पाणी, नाही सापडली तर खडकाची भुकटी. आणखी खोल गेले की आणखी पाणी मिळेल असे गाडीवाले सांगतात आणि फुटामागे पैसे घेतात. पण खोलवर वरच्या दगडाच्या भाराने भेगा मिटत जातात, त्यामुळे एका मर्यादेनंतर तुम्ही फक्त खोली विकत घेत असता.

विहीर आणि बोअर यांत आणखी एक फरक आहे. ३ मीटर रुंदीच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे ७,००० लिटर. साडेसहा इंची बोअरमध्ये एक मीटर पाणी म्हणजे जेमतेम २१ लिटर, एक मोठी बादली. विहीर ही साठवण आहे, बोअर ही नुसती वाट आहे. हे ज्याने लक्षात घेतले त्याला पंप निवडणे अर्धे जमले.

पाणी कुठे लागेल हे सांगणारे पाणाडी आपल्याकडे अजून फिरतात. कोणी तळहातावर नारळ धरतो, कोणी झाडाची दुबेळकी फांदी. आपल्या लोकांना यात श्रद्धेची अडचण वाटते आणि ते मला हळू आवाजात विचारतात, की चालेल ना? मी एवढेच सांगतो, की जांभ्यात उथळ पाणी बहुतेक जागी थोडेफार असतेच, म्हणून पाणाड्याचा नारळ पुष्कळदा खरा ठरतो. खाली कठीण खडकात भेग कुठे आहे हे नारळाला कळत नाही. त्यासाठी जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजणारी चाचणी असते, ती भूजलाचा अभ्यास केलेल्या माणसाकडून करून घ्यावी. फादरांना बोलावून जागेवर आशीर्वाद जरूर घ्यावा. पण आशीर्वाद ही जागा शोधण्याची पद्धत नाही.

आणि परवानगी. गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आहे. नवी विहीर खोदायची किंवा बोअर मारायची तर आधी जलसंसाधन खात्याच्या भूजल अधिकाऱ्याची परवानगी लागते, जुन्या विहिरीचीही नोंद करायची असते. रात्री गाडी आणून सकाळपर्यंत काम उरकणारे लोक मला माहीत आहेत. त्यांत आपलेही लोक आहेत, हे लिहिताना बरे वाटत नाही. कैसराचे कैसराला द्या हे आपण कराच्या बाबतीत म्हणतो; जमिनीच्या पोटात भोक पाडण्यापूर्वी विचारणे हेही त्यातच आले.

आता एक हकिगत सांगतो. डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरची आहे, संबंधितांना विचारूनच लिहितो, नावे घेत नाही.

जहाजावर बरीच वर्षे नोकरी करून एक गृहस्थ घरी परतले. वडिलोपार्जित जमिनीत उताराच्या वरच्या अंगाला नवे घर बांधले. खाली, अंदाजे २५ मीटरवर, त्यांच्या काकीचे जुने घर आणि चिऱ्याची विहीर. काकी विधवा, मुले परदेशी. गृहस्थांनी रीतसर परवानगी काढून बोअर मारली. ७० मीटर गेली. गाडीवाला म्हणाला, "नशीबवान आहात, अडीच इंची पाणी लागलं." घरात सगळ्यांना आनंद झाला, चॅपेलमध्ये मेणबत्त्या लागल्या. इतके पाणी म्हणून ३ एचपीचा पंप बसवला, समोर हिरवळ लावली.

पुढच्या एप्रिलमध्ये काकींच्या विहिरीला दोन हात दोरी वाढवावी लागली. त्या काही बोलल्या नाहीत. मे महिन्यात त्या माझ्याकडे आल्या त्या टँकर कसा मागवतात हे विचारायला. मी विचारले, पुतण्याला सांगितलेत का? म्हणाल्या, "त्याला कशाला? इतक्या वर्षांनी घर केलंय पोराने. पाऊसच कमी झाला असेल." पाऊस कमी झालेला नव्हता.

आमच्या मंडळात पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले एक जण आहेत. त्यांनी दोरीला हातहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि काकींच्या विहिरीची पातळी सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायला लावली. मग आम्ही पुतण्याकडे गेलो. विनंती केली, की दोन दिवस पंप बंद ठेवाल का? त्यांनी ठेवला. विहीर हातभर वर आली. पंप सुरू केला, पुन्हा खाली गेली. त्यांना पटेना. "काकी, मी माझ्या जमिनीत मारलंय, परवानगी पण आहे," असे ते दोनदा म्हणाले, आणि त्यात खोटे काही नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी निवृत्त गृहस्थांनी पंप वर काढायला लावला, घरातला आरसा मागवला आणि डोक्यावरच्या उन्हाचा कवडसा बोअरमध्ये सोडला. हा जुना उपाय आहे, कॅमेरा नसला तरी चालतो. केसिंगचा पाइप ९ मीटरवर संपत होता. त्याच्या खालच्या कडेपासून दगडाच्या अंगाने पाण्याची धार खाली जात होती, चकचकत होती. त्या जागी जांभा आणि चिकणमाती मिळून १४ मीटरपर्यंत आहे. म्हणजे केसिंग खडकापर्यंत पोचलीच नव्हती. जांभ्यातले पाणी, जे सावकाश उतरत काकींच्या विहिरीत जायचे, ते मधल्या मध्ये या भोकातून खाली निघून जात होते. गाडीवाल्याने सांगितलेल्या अडीच इंचांतला मोठा वाटा खडकाच्या भेगेतून आलेला नव्हताच.

ते गृहस्थ बराच वेळ आरसा धरून उभे राहिले. मग काकींना म्हणाले, "मला माहीत नव्हतं." काकी म्हणाल्या, "ठाऊक आहे रे पुता."

मला तेव्हा उत्पत्तीचा २१ वा अध्याय आठवला. अब्राहामाची एक विहीर अबीमलेख राजाच्या चाकरांनी बळकावलेली असते. अब्राहाम तक्रार करतो तेव्हा राजा म्हणतो, की हे कोणी केले मला ठाऊक नाही, तूही मला सांगितले नाहीस, आज प्रथमच ऐकतो आहे. हे वाचताना आपल्याला वाटते, राजा सारवासारव करतो आहे. कदाचित नसेल करत. पाण्याच्या बाबतीत माणसाला खरोखरच कळत नाही, कारण घडते ते डोळ्यांआड. म्हणून अब्राहामाचे तोंड उघडणे महत्त्वाचे. आपल्याकडे सोशिकपणाला फार मोठे पुण्य मानतात, विशेषतः बायकांच्या सोशिकपणाला. काकी एप्रिलमध्येच बोलल्या असत्या तर आरसा आधीच निघाला असता.

उपाय खर्चाचा होता, पण झाला. साडेसहा इंची बोअरमध्ये आतून पाच इंची पीव्हीसी पाइप खडकापर्यंत उतरवला, त्याच्या खालचे तोंड खडकाशी बंद केले आणि दोन पाइपांमधली फट सिमेंटने भरली. हेच पहिल्या दिवशी केले असते तर स्वस्तात झाले असते. केसिंगचेही फुटावर पैसे लागतात, म्हणून लोक नेमकी तिथेच काटकसर करतात आणि वर वाचवलेले पैसे पंपाच्या एचपीत घालतात. पुढे ऐकण्यासारखा आणखी एक तोटा सांगतो: अशा उघड्या फटीतून शौचालयाच्या टाकीचे पाणीही थेट पिण्याच्या पाण्यात उतरते. जांभा सच्छिद्र, तो काही अडवत नाही. शोषखड्ड्यापासून बोअर निदान १५ मीटर लांब असावी आणि पाण्याची जंतूंसाठी तपासणी पावसाळ्यानंतर एकदा तरी करावी.

फट बंद झाल्यावर बोअरचे खरे पाणी मोजले. तासाला सुमारे १,००० लिटर. पुतण्याचा चेहरा पडला. पण हिशेब करून पाहू. शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरतात. घरात पाच माणसे, म्हणजे ६७५ लिटर. तासाला १,००० लिटर देणारी बोअर पाऊण तास चालली की दिवसाचे पाणी वर. त्या पाच माणसांना आणखी काय हवे होते? हिरवळ. तेवढी गेली.

आता पंप. पाणी चालू असताना बोअरमधली पातळी समजा ३५ मीटरवर स्थिरावते. टाकी स्लॅबवर ७ मीटर उंच. पाइपातल्या घर्षणाचे ३ मीटर धरा. एकूण ४५ मीटर, याला पंपवाले हेड म्हणतात. तासाला १,००० लिटर पाणी ४५ मीटर चढवायला प्रत्यक्ष शक्ती लागते सव्वाशे वॅटच्या आत. छोट्या पंपात निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते असे धरले तरी अर्ध्या एचपीत काम होते, कारण १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. मनाची शांती हवी तर पाऊण घ्या. तीन एचपीचा पंप हेच पाणी तासाला सात-आठ हजार लिटरच्या वेगाने उपसू पाहतो. बोअरमध्ये ३० मीटर उभे पाणी असेल तर ते साधारण ६०० लिटर. खालून येते तासाला हजार, वरून जाते सात-आठ हजार. पाच-सहा मिनिटांत बोअर रिकामी. मग पंप कोरडा फिरतो. सबमर्सिबलच्या मोटरीला गारवा आणि वंगण दोन्ही भोवतीच्या पाण्यातूनच मिळते, पाणी नाही की ती जळते. लोक म्हणतात पंप खराब निघाला. पंप बिचारा चांगलाच असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. बोअर एप्रिल-मेमध्ये मारावी, म्हणजे वाईटात वाईट दिवसांतले पाणी कळते. ऑक्टोबरमध्ये मोजलेले पाणी फसवे असते. पाणी काही तास सलग उपसून मोजावे. जेवढे येते त्याहून कमी उपसणारा पंप घ्यावा. पॅनेलमध्ये पंप कोरडा पडला की बंद करणारे साधन असावे. पंप अगदी तळाशी टेकवू नये, गाळ खातो. जांभ्यातले पाणी आंबट, म्हणजे लोखंडी पाइपाला खाणारे असते, त्यामुळे प्लॅस्टिकचा पाइप आणि सोबत नायलॉनची दोरी बरी. आणि दुकानदाराने "दीड घ्या, पुढेमागे उपयोगी पडेल" म्हटले तर हसून नको म्हणावे.

पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी वेगळे दोन शब्द. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी इथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्र असे, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. ती पातळी मीटरभर खाली ओढलीत की खालून खारे पाणी ४० मीटर वर चढू पाहते. तिथे मोठा पंप म्हणजे स्वतःच्या विहिरीत मीठ ओतणे. वाळूतल्या जुन्या उथळ विहिरी पिढ्यानपिढ्या गोड राहिल्या, त्याचे कारण कळशीने काढलेले पाणी हेच असावे. एकदा खारट झालेली विहीर एका पावसाळ्यात सुधारेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे लिहिले. आपण ते वाचतो आणि सरकारकडे बोट दाखवतो. पण काकींचा हक्क सरकारने अडवलेला नव्हता.

पवित्र शास्त्रात पंपाचा अध्याय कोणता असे मला विचाराल तर मी उत्पत्ती २९ सांगेन. याकोब परदेशात येतो, शेतात एक विहीर दिसते. तिच्या तोंडावर मोठा धोंडा आहे. मेंढरांचे तीन कळप बाजूला बसून आहेत, तहानलेले. याकोब मेंढपाळांना म्हणतो, अजून दिवस पुष्कळ आहे, पाजा मेंढरांना आणि चरायला न्या. ते म्हणतात, तसे करता येत नाही. सगळे कळप जमले की मगच धोंडा लोटायचा, सगळ्यांना पाजायचे आणि धोंडा पुन्हा जागेवर ठेवायचा. किती शहाणी माणसे! एका माणसाला हलवता येणार नाही एवढा जड धोंडा, यातच त्यांचा सगळा भूजल कायदा होता. (मग राहेल येते आणि याकोब एकट्यानेच धोंडा लोटतो. प्रवचनांत याला प्रेमाचे बळ म्हणतात. उरलेल्या मेंढपाळांना काय वाटले असेल, असे माझ्या मनात नेहमी येते.)

आपल्या विहिरींवरून तो धोंडा कधी गेला ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पोहरा आणि रहाट होता तेव्हा हातांचे दुखणेच धोंड्याचे काम करी. दमेल तेवढेच पाणी माणूस काढी. आता बोटाने बटण दाबले की झाले. म्हणून अर्ध्या एचपीचा पंप, वेळेवर बंद करणारे घड्याळ, शेजाऱ्याच्या विहिरीची गाठी मारलेली दोरी, या सगळ्यांकडे मी त्या धोंड्याचे तुकडे म्हणून पाहतो. काकींच्या वाड्यावर आता असे ठरले आहे, की वरचा पंप रात्री बंद असतो, म्हणजे सकाळी काकींची विहीर भरलेली असते. शिवाय वरच्या घराच्या छपराचे पाणी खडी-वाळूतून गाळून काकींच्या विहिरीत सोडले आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर म्हणजे ३,००,००० लिटर. थोडे वाया गेले तरी ते ३ एचपीने उपसलेल्या पाण्याची फेड करून वर उरते. विहीर पूर्वीइतकी भरली का? नाही. मे महिन्यात अजून एक हात दोरी जास्त लागते. पण टँकर आणावा लागत नाही.

तुमच्या घरी या उन्हाळ्यात बोअरचा विचार चालू असेल तर दोरीची वही आजच सुरू करा. आजूबाजूच्या जितक्या विहिरी तितकी पाने. काम सुरू होण्याआधीचे आकडे असले की नंतर कोणाला कोणाचे मन दुखवावे लागत नाही. अर्ज भरायला रविवारी मिस्सानंतर या, सातबारासारखा जमिनीचा उतारा, म्हणजे आपला फॉर्म १ व १४, आणि घराचा नकाशा सोबत आणा. शक्य असेल तर शेजाऱ्यालाही घेऊन या.

इसहाकाच्या चाकरांनी गरारच्या खोऱ्यात विहीर खोदली, पलिष्टी गुराखी भांडायला आले. तिचे नाव त्याने एसेक ठेवले. दुसरी खोदली, तिच्यावरूनही भांडण; ती सितना. तिसरीवर कोणी भांडले नाही, ती रहोबोथ. नंतर ज्या अबीमलेखाने त्याला आपल्या देशातून निघून जायला सांगितले होते तोच त्याच्या दारात आला. इसहाकाने त्याला जेवू घातले, पहाटे उठून दोघांनी शपथ घेतली, आणि पाहुणे सलोख्याने वाटेला लागले. त्याच दिवशी, असे उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात लिहिले आहे, त्याचे चाकर खोदत होते तिथून येऊन सांगू लागले, की पाणी लागले.